चार हात जमीन पाहून : टेंभुर्णी परिसरातील सायकलवाटा

पुणे-सोलापूर महामार्गाने जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना टेंभुर्णी ठाऊक असते ती वळणाचे गाव म्हणून. पुण्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात हे गाव आहे. कुंथलगिरीच्या यात्रेला निघालेली कुटुंबे येथून कुर्डुवाडी-बार्शीकडे वळतात. दहिगावच्या महावीरस्वामींच्या दर्शनाला जाणारे अकलूजची वाट धरतात आणि पंढरपूरचे वारकरी दक्षिणेकडे जातात. चौकात चहा होतो, गाडीत इंधन भरले जाते आणि प्रवासी पुढे निघतात. गावाच्या मागे काय आहे, हे पाहण्यास सहसा कोणी थांबत नाही.

महामार्ग सोडून तीन-चार किलोमीटर आत गेले की दुसरीच भूमी सुरू होते. वायव्येस उजनीचा अथांग जलाशय आणि नैर्ऋत्येस नीरा व भीमा यांचा संगम, या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात उसाचे मळे, मुरमाड माळ, ओढ्यांच्या काठची बाभूळबने आणि त्यांना जोडणारे पाणंदींचे जाळे पसरले आहे. डांबराचा स्पर्श न झालेल्या या वाटा अलीकडे एका नव्या प्रवाशाला खुणावू लागल्या आहेत. जाड टायरच्या, खडबडीत जमिनीसाठी घडविलेल्या सायकलीवरून, ज्यांना सर्वत्र ‘माउंटन बाइक’ म्हणतात, हिंडणारे तरुण आता ग्रामीण महाराष्ट्रातही नवलाचे राहिलेले नाहीत. सुटीत आजोळी आलेली शहरी नातवंडे सायकल गाडीच्या टपावर बांधून आणतात आणि घरातील वडीलधाऱ्यांना दोन प्रश्न पडतात. पहिला प्रश्न असा की, या भागात सायकलीने पाहण्यासारखे आहे तरी काय? दुसरा अधिक खोल आहे. रानावनातून केवळ आनंदासाठी चाक फिरविणे हे श्रावकाच्या आचारात बसते का? हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवावे लागतात.

नदी, माळ आणि बुडालेले रस्ते

भीमा उगम पावते ती भीमाशंकरच्या दाट अरण्यात. १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेले ते जंगल शेकरूचे घर आहे. तेथून निघालेली नदी टेंभुर्णीच्या परिसरात येते तेव्हा तिच्या काठी तसे घनदाट अरण्य उरलेले नसते. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील हा प्रदेश आहे आणि सोलापूर जिल्ह्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. नदीकाठी करंज, उंबर, चिंच आणि बाभूळ दिसतात. काठापासून दूर गेले की बोर, हिवर, तरवड आणि गुडघाभर उंचीची कुसळी असते. ज्या टेंभुर्णी वृक्षाची पाने विडी वळण्यासाठी वापरतात, त्याचेच नाव हे गाव धारण करते.

शहरी नजरेला हा माळ पडीक वाटतो. महसुली कागदांवरही पुष्कळदा तशीच नोंद असते. वस्तुतः गवताळ माळ हे स्वतंत्र असे जीवविश्व आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, ससा, चंडोल, पखुर्डी, टिटवी हे सर्व याच उघड्या भूमीचे रहिवासी होत. १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी जे अभयारण्य घोषित झाले, त्यात माढा, मोहोळ आणि करमाळा या तालुक्यांतील भूभागाचाही समावेश होता. तो उमदा पक्षी आज या भागात दिसणे जवळजवळ थांबले आहे. मोकळ्या माळाला निरुपयोगी समजून नांगरल्याची, खणल्याची आणि त्यावर बांधल्याची ही किंमत आहे.

या भूमीचा चेहरा बदलणारी मोठी घटना म्हणजे उजनी धरण. १९८० मध्ये ते पूर्ण झाले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते. म्हणूनच उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत उजनीची पातळी ‘उणे’ असल्याचे वाचायला मिळते. बँकेच्या खात्यात शिल्लक उणे झाली म्हणजे पैसा संपून कर्ज सुरू झालेले असते. येथे मात्र उणे पातळीतही धरणात पाणी असते, केवळ ते राखीव ठेव मोडून वापरलेले असते.

धरणाने पाणी दिले आणि त्याच वेळी नदीकाठची अनेक गावे पोटात घेतली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे प्राचीन मंदिर जलाशयात गेले. पाणी फार खाली गेले की त्याचे शिखर आणि मग हळूहळू सारी वास्तू वर येते. जुने रस्ते, पडक्या भिंती आणि घरांची जोती हीसुद्धा अशाच वेळी उघडी पडतात. विस्थापित कुटुंबांतील वृद्ध मंडळी तेव्हा आपल्या नातवंडांना घेऊन काठावर येतात आणि बोटाने दाखवितात की येथे आपली वेस होती, तेथे पार होता. सायकलवाटांच्या दृष्टीने पाहिले तर जलाशयाचा काठ हा दर महिन्याला नवा नकाशा घेऊन येतो. डिसेंबरात जेथे लाटा असतात, तेथे मे महिन्यात एखादी जुनी गाडीवाट उभी राहते.

या सायकलीचा जन्म

जाड टायरची ही सायकल कोठून आली, हेही थोडक्यात समजून घेणे उपयुक्त आहे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, माउंट तमालपायस नावाच्या डोंगरावर काही तरुण जुन्या, अवजड सायकली घेऊन मातीच्या उतारावरून खाली येण्याचा खेळ खेळत असत. १९७६ मध्ये तेथे एक शर्यत सुरू झाली. उतार इतका तीव्र होता की मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीस तापून वाफ होऊन जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. या पुन्हा भरण्यावरून शर्यतीला ‘रीपॅक’ असे नाव पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची यांसारख्या मंडळींनी पुढे या खेळासाठी वेगळ्या सांगाड्याची सायकल घडविली. १९९० मध्ये या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले.

लोकप्रियतेबरोबर तक्रारीही आल्या. डोंगरावर पायी फिरणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना या वेगवान चाकांची भीती वाटू लागली. वाटा खचतात, पशुपक्षी बिथरतात, असे आक्षेप घेतले गेले आणि अनेक पायवाटा सायकलींना बंद झाल्या. तेव्हा १९८८ मध्ये सायकलस्वारांनीच ‘इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली आणि आपल्या बांधवांसाठी मोजके नियम घालून दिले. खुल्या असलेल्या वाटेनेच जावे, मागे खूण ठेवू नये, सायकल ताब्यात ठेवावी, इतरांना वाट द्यावी, प्राण्यांना घाबरवू नये आणि पूर्वतयारीनिशी निघावे, असा त्यांचा आशय आहे.

जैन वाचकाला हे नियम वाचताना काही ओळखीचे वाटल्यास आश्चर्य नाही. त्या ओळखीकडे वळण्यापूर्वी टेंभुर्णीच्या वाटा मात्र पाहून घेऊ.

तीन वाटा, तीन स्वभाव

येथे फलक लावलेले, आखून दिलेले असे सायकलमार्ग नाहीत. आहेत त्या शेतकऱ्यांच्या, धनगरांच्या आणि बैलगाड्यांच्या वाटा. त्यांचे स्वभावाने तीन प्रकार पडतात.

पहिली वाट पाणंदीची आणि कालव्याकाठची. पाणंद म्हणजे दोन शेतांच्या बांधांमधून जाणारा अरुंद रस्ता. त्यावर दोन चाकोऱ्या खोल गेलेल्या असतात आणि मधोमध गवताचा उंचवटा असतो. नवशिक्याने चाकोरीतून जावे, कारण ती चाकाला आपोआप वळण देते. उजनीच्या कालव्यांच्या कडेचे मातीचे रस्ते सपाट आणि सावलीचे असतात. ते पाटबंधारे खात्याच्या देखरेखीखाली असल्याने जेथे मज्जाव असेल तेथून निमूटपणे परतावे. ऊस तोडणीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, पाणंदीतून ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या येतात. त्यांच्यापुढे सायकलीने बांधावर चढून उभे राहणे हेच शहाणपण होय. शेत खाजगी असेल तर विचारून जावे. ‘मामा, या बांधावरून पलीकडे जाऊ का?’ असे कोणी नम्रपणे विचारले, तर ‘जावा की, पण पिकात घालू नका’ हे उत्तर ठरलेले असते. अनेकदा त्या उत्तराबरोबर उसाचे कांडे किंवा मूठभर ओला हरभराही मिळतो.

दुसरी वाट माळाची. ती मुरमाड, चढउताराची आणि ओढे ओलांडणारी असते. खऱ्या अर्थाने या सायकलीचा कस येथे लागतो. सुटे खडे, पावसाने कोरलेल्या घळी आणि अचानक येणारा ओढ्याचा उतार यांमुळे हात, पाय आणि नजर यांना एकदम काम मिळते. या वाटेचा मोठा वैरी काटा आहे. बाभळीचा लांब काटा आणि जमिनीवर पसरणारा सराटा हे दोघेही टायर पाहता पाहता निकामी करतात. सुटी ट्यूब, पंप आणि पंक्चरचे साहित्य यांवाचून माळावर जाणे म्हणजे परतीचा प्रवास पायी करण्याची तयारी ठेवणे होय. मेंढ्यांचा कळप दिसला की सायकलीवरून उतरावे. धनगरांची राखणीची कुत्री पळणाऱ्या चाकामागे धावतात आणि चालणाऱ्या माणसाकडे सहसा दुर्लक्ष करतात.

तिसरी वाट पाण्याच्या काठाची. एका बाजूला भीमानगरजवळचा धरणाचा परिसर आणि त्यामागचा जलाशय, दुसऱ्या बाजूला नीरा-नरसिंहपूरचा संगम. प्रत्यक्ष धरणाच्या भिंतीकडे व प्रतिबंधित क्षेत्रात परवानगीवाचून जाऊ नये, परंतु जलाशयाचा विस्तार अनेक गावांच्या काठांवरून दिसतो. हिवाळ्यात येथे पट्टकादंब, बदके आणि इतर पाहुणे पक्षी उतरतात. वरच्या अंगाला भिगवण-कुंभारगाव भागात रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे पाहण्यासाठी दुरून लोक येतात. संगमावरील लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर आणि दोन नद्यांचा एकत्र येणारा प्रवाह हे दृश्य शांतपणे पाहण्याजोगे आहे. इंदापूर, माळशिरस आणि माढा असे तीन तालुके येथे एकमेकांजवळ येतात. आषाढात तुकोबांची पालखी याच नीरेला सराटीजवळ ओलांडून अकलूजला येते. पायी चालणाऱ्यांची ही भूमी आहे, हे सायकलस्वाराने विसरू नये.

काठाच्या वाटेवर एक धोका मात्र ठळकपणे सांगायला हवा. पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. त्या गाळाचा वरचा थर भेगाळून टणक दिसतो, खाली मात्र चिखल ओलाच असतो. सायकलीसह माणूस त्यात मांडीपर्यंत रुतू शकतो. जेथे गुरांची किंवा गाडीची ताजी खूण नाही, तेथे चाक घालू नये.

हे निरर्थक भटकणे आहे काय?

आता दुसरा प्रश्न. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या असे ते पाच होत. यांपैकी प्रमादचर्येत विनाकारण जमीन उकरणे, पाणी उधळणे, वनस्पती तोडणे यांच्या जोडीला निष्कारण भटकणे आणि इतरांना भटकविणे यांचाही उल्लेख येतो. एखाद्या आजोबांनी हा आधार काढून नातवाची सायकल अडविली, तर त्यांना शास्त्राचा आधार नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. जेथे चाक जाते तेथे मुंगी, गोगलगाय, गवताचे पाते आणि मातीतील जीव यांना इजा होतेच. हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

तथापि त्याच ग्रंथातील ‘निष्कारण’ या शब्दाला वजन आहे. घरातील मुले दिवसाचे कित्येक तास पडद्यासमोर घालवितात. तेथे कानांवर व डोळ्यांवर जे पडते, त्यातील बरेचसे दुःश्रुती आणि अपध्यान या सदरांतच मोडणारे असते. शरीर निरोगी राहावे, ज्या जीवसृष्टीविषयी आपण ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ म्हणतो तिची प्रत्यक्ष ओळख व्हावी, आणि आपल्या पूर्वजांच्या भूमीचे ज्ञान व्हावे, ही कारणे निरर्थक म्हणता येत नाहीत. इंधन जाळणाऱ्या वाहनाने त्याच माळावर जाणे आणि तेरा-चौदा किलोच्या सायकलीने जाणे, यांतील हिंसेचे प्रमाणही सारखे नाही. पायी जाणे हे या दोहोंहून श्रेष्ठ आहे, हेही मान्य करावे लागेल.

म्हणजे निर्णय सायकलीवर अवलंबून राहत नाही. तो प्रमादावर अवलंबून राहतो. एकच वाट दोघांनी एकाच सायकलीने पार केली, तरी एकाच्या खात्यावर प्रमादचर्या जमा होईल आणि दुसऱ्याच्या नाही, असे घडू शकते. तो फरक कोठे पडतो, हे पाहण्यासाठी साधूंच्या चालण्याकडे पाहावे लागते.

चार हातांचा हिशेब

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत, त्यांतील पहिली ईर्यासमिती. दिगंबर परंपरेतील मूलाचारात तिचे विवेचन आहे. मुनींनी सूर्यप्रकाशात, प्रासुक मार्गाने, पुढील चार हात जमीन पाहत चालावे, असा तिचा आशय आहे. प्रासुक मार्ग म्हणजे माणसे, गुरे, गाड्या यांच्या येण्याजाण्याने आधीच मळलेली वाट. आचार्य शांतिसागर महाराजांनी दक्षिणेपासून सम्मेदशिखरापर्यंत जो विहार केला आणि १९५५ मध्ये कुंथलगिरीवर सल्लेखना घेईपर्यंत जी पावले टाकली, ती याच नियमाने.

चार हात हे अंतर सहज ठरलेले वाटते. थोडा हिशेब मांडला की त्यातील शहाणपण उलगडते. एक हात सुमारे दीड फूट धरला, तर चार हात म्हणजे सहा फूट, साधारण १.८ मीटर. ताशी सहा किलोमीटर वेगाने चालणारा माणूस एका सेकंदात १.६७ मीटर जातो. म्हणजे चार हात हे झपझप चालणाऱ्याचे जेमतेम एका सेकंदाचे अंतर झाले आणि सावकाश चालणाऱ्या साधूला त्याहून थोडा अधिक अवधी मिळतो. डोळ्याने जीव पाहणे, मनाने थांबण्याचे ठरविणे आणि पायाने थांबणे यासाठी सामान्य माणसाला साधारण एवढाच अवधी लागतो.

आता हाच हिशेब सायकलीला लावू. ताशी १० किलोमीटर वेगाने एका सेकंदात सुमारे २.८ मीटर, म्हणजे सहा हात जमीन मागे पडते. ताशी २० किलोमीटरला ती बारा हात होते आणि उतारावर ताशी ३० किलोमीटरचा वेग आला की अठरा हात. शिवाय ब्रेक दाबल्यानंतर चाक घसरत जाते ते अंतर वेगळेच. अठरा हातांवर दगड दिसेल, साप कदाचित दिसेल, मुंग्यांची रांग मात्र दिसणार नाही. वेग वाढला की अधिक दूर पाहावे लागते आणि दूर पाहू लागले की जवळचे, लहान जीव नजरेतून सुटतात.

यातून श्रावकासाठी एक व्यवहार्य मर्यादा हाती येते. जेवढी जमीन स्पष्ट दिसते, तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवावा. कठीण, उघड्या, रोजच्या वापराच्या गाडीवाटेवर तो थोडा जास्त असू शकेल. गवतातून, पाचोळ्यातून किंवा ओढ्याकाठी तो चालण्याइतका उतरावा. जेथे काहीच दिसत नाही, तेथे सायकल हातात धरून चालावे. ‘मळलेली वाट सोडू नये’ हे कॅलिफोर्नियातील सायकलस्वारांना अनुभवाने कळले. ‘प्रासुक मार्गाने जावे’ हे आपल्या आचार्यांनी अनेक शतके आधी सांगून ठेवले होते. दोघांची भाषा वेगळी, जमिनीने दोघांना शिकविलेला धडा एकच.

या धड्याची परीक्षा टेंभुर्णीच्या माळावर उन्हाळ्यात रोज होते. टिटवी घरटे बांधत नाही. मार्चपासून पावसाळ्यापर्यंतच्या काळात ती उघड्या मुरमावर, चार खड्यांच्या मधोमध अंडी घालते. अंड्यांवरील मातकट ठिपके असे असतात की वाकून पाहिले तरी खडे कोणते आणि अंडी कोणती, हे ओळखणे कठीण जाते. जलाशयाच्या उघड्या पडलेल्या काठावर नदी सुरय आणि आर्ली यांसारखे पक्षीही वाळूतच अंडी घालतात. मळलेली वाट सोडून दोन हात बाजूने गेलेले चाक एक अख्खी वीण संपवू शकते, आणि ते चाक चालविणाऱ्याला त्याची जाणीवही होत नाही. टिटवीचे ओरडणे आपल्याकडे अशुभ मानतात. डोक्यावर घिरट्या घालून ती कर्कश ओरडू लागली की समजावे, पिले किंवा अंडी जवळ आहेत आणि एक आई विनवणी करीत आहे. त्या क्षणी थांबावे, खाली पाहावे आणि आल्या वाटेने मागे फिरावे. मुलांना अहिंसेचा पाठ देण्यासाठी याहून समर्थ प्रसंग शोधूनही सापडणार नाही.

पावसाळ्यात थांबणे

आषाढ ते कार्तिक मुनींचा विहार थांबतो. ओल्या जमिनीत जीवोत्पत्ती विपुल होते, म्हणून पाऊल आवरावे हा त्यामागील भाव. मृगाच्या सरी पडताच टेंभुर्णीच्या माळावर लाल मखमली मृगकिडे दिसू लागतात. गांडुळे वर येतात, गोगलगायी आणि वाणी वाटेवरच असतात. जूनमधील एका सकाळी कोरड्या वाटलेल्या पाणंदीवर पाऊल टाकायला जागा शोधावी लागते.

व्यवहाराची साक्षही याच बाजूने आहे. या भागातील काळी माती ओली झाली की चाकाला, ब्रेकला, साखळीला थर चढवीत जाते आणि शे-दोनशे पावलांत सायकल खांद्यावर घेण्याची वेळ येते. ओल्या वाटेवर पडलेले चाकाचे चर वाळून कडक होतात, पुढच्या पावसाचे पाणी त्यांतून धावते आणि वाट धुपून जाते. शेतकऱ्याची बैलगाडी मग त्याच घळीत अडकते. पावसाळ्यात मातीच्या वाटेवर चाक घालू नये, हा जगभरच्या जबाबदार सायकलस्वारांचा संकेत आहे. श्रावकाच्या घरात त्याला चातुर्मासाचे नाव देता येईल. त्या चार महिन्यांत सायकल डांबरी रस्त्यापुरती ठेवावी, किंवा तिची निगा राखण्यात वेळ घालवावा.

एका दिवसाचा बेत

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या वाटांचा उत्तम काळ. मार्चपासून ऊन तापते आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळीस अंशांच्या वर जातो. ज्यांना प्रथमच जायचे आहे, त्यांनी २० ते २५ किलोमीटरचाच बेत करावा. सूर्योदयानंतर, वाट स्पष्ट दिसू लागल्यावर निघावे. अंधारात निघण्याचा मोह दोन कारणांनी टाळावा. ईर्यासमितीचा भाव अंधारात पाळता येत नाही, हे एक. उसाच्या पट्ट्यात अलीकडे बिबट्याचा वावर आढळतो, हे दुसरे. २०२० च्या डिसेंबरात शेजारच्या करमाळा तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे प्राण गेले होते. एकट्याने जाऊ नये, लहान मुलांना मधे ठेवावे आणि शिरस्त्राण सर्वांनी घालावे.

प्रत्येकाने किमान दोन-तीन लिटर गाळलेले पाणी घरूनच घ्यावे. शिदोरीसाठी सोलापूरची कडक भाकरी अतिशय सोयीची आहे. ती मोडत नाही म्हणण्यापेक्षा, मोडली तरी बिघडत नाही. तिच्या जोडीला लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, गूळ आणि राजगिऱ्याचे लाडू पुरेसे होतात. कागद, पिशवी, ट्यूबचा तुकडा, काहीही मागे राहू नये. परतीची वेळ अशी ठेवावी की सूर्यास्तापूर्वीचे भोजन घरी शांतपणे घेता येईल.

निघण्यापूर्वी आणखी एक गोष्ट करता येते. श्रावकाच्या देशव्रतात काही काळापुरती मर्यादा ठरविली जाते आणि तिच्या खुणा म्हणून गाव, शेत, नदी, वन यांची नावे घेतली जातात. सायकलीच्या फेरीलाही अशी मर्यादा सहज घालता येते. आज अमुक ओढ्यापर्यंत, आज संगमापर्यंत, त्यापुढे नाही. नातवाने नकाशावर बोट ठेवून ती खूण स्वतः निवडावी आणि आजोबांना सांगून निघावे. खेळातील ईर्षेला याने लगाम बसतो, आणि घरी थांबलेल्यांनाही कोण कोठे आहे हे ठाऊक राहते.

टेंभुर्णीच्या आसपास उद्या कदाचित फलक लागतील, शर्यती होतील, पर्यटकही येतील. तोवर येथील वाटांचा स्वभाव जपण्याची जबाबदारी प्रथम येणाऱ्या मोजक्यांवर आहे. ज्या समाजाने पाऊल कोठे आणि कसे टाकावे याचा इतका सूक्ष्म विचार करून ठेवला, त्या समाजाच्या मुलांनी या माळावर चाक कसे फिरवावे याचा आदर्श घालून दिला, तर धनगर, शेतकरी आणि टिटवी या तिघांनाही त्यांचे येणे जड जाणार नाही. आणि संगमाजवळ वाट जेथे वाळूत उतरते, तेथे सायकल करंजाला टेकवून शेवटची शंभर पावले पायीच जावी. पाण्यापर्यंत जाण्याची तीच योग्य रीत आहे.